संदर्भ : आकाराम कांबळे, सेटर

गगनबावडा
१२ जुलै १९९८

ती. आबा,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचले. खोली बरी आहे, फक्त भिंतीला हात लावला की हात ओला होतो. कॉलेजात तासावर शिकवायचं, वर्गात सत्तावीस पोरं, त्यातली दहा रेनकोट घालूनच बसतात. एम.फिल. पूर्ण झालं की जागा कायम करू, असं चेअरमननी पुन्हा एकदा सांगितलंय. तेव्हा हे वर्ष म्हणजे माझं सगळं काही आहे, एवढं लक्षात ठेवा.

माझे गाईड देसाई सर, त्यांनी विषय पास केला! मागच्या रविवारी तुम्ही आणि आई दोघंही हसलात, म्हणून पुन्हा सांगते. विषय एकच शब्द आहे, 'सेट'. एवढासा शब्द, पण मोठ्या डिक्शनरीत त्याला पानंच्या पानं दिलीत. लायब्ररीत वाचताना माझी मान दुखायला लागली, पण अर्थ काही संपेनात.

त्याची दोन घराणी आहेत. एक जुन्या इंग्रजीतलं. 'बसणे' या क्रियापदाचंच 'बसायला लावणे' असं रूप झालं, ते हे सेट. दुसरं लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं. त्यात कुणाच्या तरी मागनं जाणाऱ्यांचा जमाव, म्हणजे पंथ. टी सेटमधला सेट तिकडचा. पुढं दोन्ही असे मिसळले की कुठला कोण, ते सांगताना पंडितांचीही त्रेधा उडते. आणि गंमत बघा, आपण हाड बसवतो, खडा बसवतो, कवितेला चाल बसवतो, या सगळ्याला इंग्रजीत सेटच चालतं. सूर्य मावळला की तोसुद्धा तिकडं सेटच होतो.

आता तुमचं काम. तुम्ही तेहतीस वर्षं उद्यमनगरात सेटर आहात. हा शब्द तिथं दिवसातनं किती वेळा कानावर येतो? कोण म्हणालं, कुठं, कशाबद्दल, एवढं जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवा. डिक्शनरीवाल्यांना न सापडलेलं मला पाहिजे.

तुमची,
दीप्ती

---

गडमुडशिंगी
२ ऑगस्ट १९९८

चि. दीप्तीस,
जयभीम.

तुजं पत्र आलं. तुजी आय म्हणतीया, भिंतीला खाट लावू नगंस. आता कामाचं.

तीन आठवड्यात एक्केचाळीस कार्डं झाली. संगं पाठवतोय. जेवणाच्या सुट्टीत लिवतोय, त्येच्यामुळं काही कार्डावर चटणीचं डाग हायत, ते अर्थ म्हणून धरू नगंस. आदी सगळी हसायची. आता सोताहून येत्यात, 'आकारामदा, ह्यो लिवला का?' फौंड्रीतला ज्ञानू मोल्डर तर रोज एक आणतोय. त्येचं कार्ड पयलं ठेवलंय : 'कोअर नीट सेट कर, न्हायतर भोक वाकडं पडंल.' कोअर म्हंजी साच्यातला वाळूचा गाभा. सुतार करवतीच्या दातास्नी सेट देतोय, म्हंजी एक दात हिकडं वाकवायचा, एक तिकडं. सिमेंट सेट हुतंय. मोटरसायकलवाला टॅपेट सेट करतोय. धोंडुबाई म्हणाली, 'जावंला लग्नात टी सेट आणि मला निस्ता तांब्या.' तेबी लिवलंय. आणि सायबाच्या पावण्याला नोकरी लागली तवा सगळ्यांनी डोळा मारून जे 'सेटिंग' म्हणलं, तेबी लिवलंय. ते लिवू का नगं, आसं झालतं, पर तू म्हणालीस सगळं पायजे.

कार्ड नंबर सात माजं सोताचं हाय. सेटर म्हंजी कोण, ते लोकास्नी कळत न्हाय. मशिन चालवतोय ऑपरेटर. पर त्येच्या आदी टूल, जॉब, माप सगळं लावून द्यायचं ते सेटरनं. मग पयला पीस काढायचा, मोजायचा, आणि बरोबर आला तर त्येच्यावर आपला नंबर पंचनं ठोकायचा. माजा चौदा. मग बाकीचा लॉट. पुढं माल वाकडा निघाला तर पयला पीस बघत्यात, नंबर कुणाचा. कुणाला धरायचं ते ठरल्यालं असतंय.

तुज्या सूर्याचं मला पटलं न्हाय. सूर्य सेट झाला म्हंत्यात इंग्रज. त्येला कोण बसवणार? त्यो आपला आपून बसतोय.

आणि त्या दोन घराण्याचं. मी दोन रात्री डोकं लावलं. शाळंत मला दाराच्या भायेर बसवलं हुतं, पोतं आणून. ते पयलं घराणं. मास्तरनं सेट केल्यालं. आणि छप्पन साली माजा बा, आमची म्हातारी, सगळी गल्ली आपल्या पायानं उठून धम्माच्या मागनं गेली. कुणी बसवलं न्हाय, कुणी उठवलं न्हाय. ते दुसरं. आता तूच ठरीव आपला सेट कुठला. आसं पुस्तकात लिवत न्हाईत, पर तुला सांगितलं.

तुजा,
आबा

---

गगनबावडा
११ ऑक्टोबर १९९८

ती. आबा,
जयभीम.

संताप झालाय म्हणून अक्षर असं आहे, सांभाळून घ्या.

काल देसाई सरांकडे गेलते. एकशे बारा कार्डांवरनं केलेलं प्रकरण त्यांनी वाचलं. वाचताना दोनदा हसले, एकदा 'वा!' म्हणाले. मला वाटलं, जिंकलं. मग शेवटच्या पानावर आले. तिथं मी तळटीप दिली होती : 'संदर्भ : आकाराम कांबळे, सेटर, उद्यमनगर, कोल्हापूर. जॉबकार्डे १ ते ११२.' त्यावर त्यांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'स्थानिक कामगारांकडून मिळालेली माहिती.'

मी विचारलं, का? म्हणाले, संदर्भ म्हणजे पुस्तक, फार तर नियतकालिक. मी म्हटलं, सर, डिक्शनरीवाल्यांनीसुद्धा लोकांकडनंच चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या. म्हणाले, ते विद्वान होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, 'आणि दोन्हीकडे आडनाव एकच दिसतंय. बाहेरचे परीक्षक नको ते बोलतील. तुझ्या भल्यासाठी सांगतोय.'

आबा, आडनाव एकच दिसतंय! बापलेकीचं आडनाव वेगळं कसं दिसणार? आणि त्या आडनावातलं सरांना नेमकं काय टोचलं, ते न कळण्याइतकी मी लहान नाही. नाव काढणार नाही म्हणून सांगितलं आणि उठले. तेही म्हणाले, मग माझी सही मिळणार नाही. मार्चअखेर सही नसली तर इथली जागा गेली.

मी नाव काढत नाही. तुम्हाला फक्त कळवते आहे, विचारत नाही.

दीप्ती

---

गडमुडशिंगी
१९ ऑक्टोबर १९९८

चि. दीप्तीस,
जयभीम.

आगं काढ की नाव! माजं नाव त्या पुस्तकात आसलं काय आणि नसलं काय. माज्या मशिनला काय फरक पडतोय? तुजी नोकरी महत्त्वाची. सर मोठा माणूस हाय, त्येच्याशी वाद घालून आपल्यासारख्यांचं कवा भलं झालंय? तुज्या आयनं गल्लीत सांगून ठिवलंय, पोरगी कायम हुनार.

तू काळजी करू नगंस. सगळं मार्गी लागंल. मी बघतो.

हिकडं खुशाल. आमच्या शॉपमदी कंप्यूटरवरचं मशिन आलंय, त्येला सेटर लागत न्हाय म्हंत्यात. बघू. माज्या चौदामागं नवा नंबर आजून कुणाला दिला न्हाय.

आबा

---

गगनबावडा
८ नोव्हेंबर १९९८

आबा,
जयभीम.

'मी बघतो' म्हणजे काय, ते काल कळलं.

देसाई सरांनी ड्रॉवर उघडून तुमचं पत्र पुढं टाकलं. 'माझे नाव वगळावे, माझी काही हरकत नाही, मुलगी लहान आहे, चूक पोटात घालावी. आपला नम्र, आ. कांबळे.' ते किती गोड हसले म्हणून सांगू! म्हणाले, 'तुझ्यापेक्षा तुझ्या वडिलांना जास्त कळतं.'

माझी चूक कुठली आबा, जी त्यांनी पोटात घालावी? आणि तुम्ही 'नम्र' कधीपासून झालात? मालकापुढं तरी तुम्ही कधी नम्र झालता का? घरी आमच्यापुढं तर नाहीच.

शहाऐंशी साल तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी आठवीत होते. पंपाचे दोनशे शाफ्ट परत आले होते. मालक म्हणाला, आकाराम, तू जुना माणूस, ऑपरेटरनं घोळ केला असं लिहून दे, विषय संपला. तुम्ही पहिला पीस मागवलात, मोजलात, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, 'नंबर चौदा हाय. माजं माप चुकलंय.' आठ दिवस घरी बसवलं तुम्हाला. आई रडत होती आणि तुम्ही शांतपणे कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होता. मी विचारलं होतं, नंबर ठोकलाच नसता तर? तुम्ही म्हणालात, 'मग ते काम माजं कशावरनं?'

आता मी तेच विचारते. ती एकशे बारा कार्डं तुम्ही वाचली, मोजली, पास केली. त्यावर 'स्थानिक कामगार' असा पंच असतो का? कुठल्या मशिनवर असा नंबर बघितलाय तुम्ही? चुकलं तर धरायचं कुणाला?

तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं. मी तुमच्यावर रागावले आहे आणि हा राग लवकर जायचा नाही. आईला सांगा, दिवाळीला पाऊस होता म्हणून आले नाही; आता येणार नाही, त्याचं कारण पाऊस नाही.

दीप्ती

---

गडमुडशिंगी
१४ डिसेंबर १९९८

चि. दीप्तीस,
जयभीम.

तुजं पत्र आयनं वाचून दाखवलं, कारण मला चष्म्यातनं दिसंना झालतं. चष्मा चांगला हाय.

मी भ्यालतो, ते खरं. माज्यासाठी न्हाय गं. तुज्यासाठी भ्यायची सवय लागलीया, ती काय एका दिवसात जात न्हाय. पर तू शाफ्टचं काढलंस आणि मला रातभर झोप न्हाय.

मंगळवारी हाफ डे टाकला आणि तसाच कामाच्या कपड्यावर तुज्या सराकडं गेलतो. त्यांनी खुर्ची दाखवली, 'बसा पावणं' म्हणालं. मी म्हणलं, बसाय आलो न्हाय. माजं पत्र परत द्या. ते म्हणालं, कशापायी? मी म्हणलं, त्येच्यावर सही माजी हाय पर माप चुकीचं हाय. ते आसं बघाय लागलं, जनू मी इंग्रजीत बोललो. मग म्हणालं, 'आकारामजी, मुलीचं नुकसान होईल.' मी म्हणलं, माज्या नावानं हुनारं नुकसान आमी दोगं वाटून घिऊ, तुमी त्रास करून घिऊ नगा. पत्र घेतलं, तितंच फाडलं आणि तुकडं खिशात घातलं. त्यांच्या हापिसात कचरा नगं म्हणून.

जिन्यात आलो तवा मागनं म्हणालं, मग गाईड दुसरा बघाय सांगा.

तर पोरी, तुजा गाईड मी घालवला. तुज्या आयला आजून सांगितलं न्हाय. तू शिव्या द्यायच्या तर पत्रात दे, म्हंजी मलाच वाचता येतील.

आबा

---

गगनबावडा
२० फेब्रुवारी १९९९

ती. आबा,
सप्रेम जयभीम.

शिव्या नाहीत. तुमचं पत्र मी सात वेळा वाचलं आणि सातव्यांदा इतकी मोठ्यानं हसले की घरमालकीणबाई दार वाजवून गेल्या.

आता बातम्या, वाईट आधी. इथली कायमची जागा गेली. जूनपासून दुसरे कुणीतरी येताहेत. मी तासावरच. आईला मीच सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका.

चांगली बातमी म्हणजे देसाई सरांच्याच विभागातल्या विमला मॅडमनी मला घेतलं. बारीक अंगाच्या, कडक, दोन वर्षांत रिटायर होणार. त्यांनी तळटीप वाचली आणि चष्म्यावरनं बघत म्हणाल्या, 'हे अर्धवट आहे.' मी वही काढली. म्हणाल्या, 'गोळा करणाऱ्याचं नाव आहे, बोलणाऱ्यांची कुठं आहेत? प्रत्येक कार्डाला नाव, काम, तारीख आणि जागा पाहिजे. उद्या कुणाला तपासायचं झालं तर त्यानं जायचं कुठं?'

तेव्हा आबा, कामाला लागा. ज्ञानूचं पूर्ण नाव काय? धोंडुबाईंचं आडनाव? डोळा मारणाऱ्यांना विचारा, नाव चालेल का. नाही म्हणाले तर ते कार्ड काढू. सगळं पहिल्यापासून करायचं, चार-पाच महिने जाणार. जाऊ दे.

तुमचीच,
दीप्ती

---

गगनबावडा
२४ जुलै १९९९

ती. आबा,
जयभीम.

घाईत लिहिते. फोन चार दिवस बंद आहे, पाणी चढतंय आणि ही बहुतेक कोल्हापूरला जाणारी शेवटचीच गाडी. कंडक्टर बाळासो हे पत्र घरी आणून देतील, त्यांना चहा पाजा.

प्रबंध छापून झालाय. मॅडमची सही झाली! पाच प्रती महाद्वार रोडच्या बाइंडरकडे तयार आहेत, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. विद्यापीठात द्यायची शेवटची तारीख एकतीस. मी काही पोचत नाही. तुम्ही प्रती घ्या आणि खिडकीवर नेऊन द्या. संमतीचं पत्र सोबत जोडलंय. प्रतींना पाणी लागू देऊ नका, डाग पडू देऊ नका, जशा आहेत तशाच द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.

दीप्ती

---

गडमुडशिंगी
१ ऑगस्ट १९९९

चि. दीप्तीस,
जयभीम.

दिल्या. पावती सोबत हाय. आता रस्ता सुटला की तुला हे मिळंल, तवर तुला कुणी दुसऱ्यानं सांगितलं नसलं तर बरं.

बाइंडरकडनं प्रती घेतल्या आणि आदी शॉपमदी नेल्या, पाऊस थांबंतवर. सगळी जमली. ज्ञानूला त्येच्या नावाचं पान काढून दिलं. त्यो हात धुवून आला, मगच बोट लावलं. 'ज्ञानू आप्पा पाटील, मोल्डर' आसं त्येनं चारदा वाचलं आणि पाचव्यांदा सगळ्यास्नी वाचून दाखवलं. 

मग मी पुस्तक हातात घेऊन बघितलं. पयली पानं, शेवटची पानं, शिवण, कोपरं. सगळं मापात. आणि काम मापात आलं की माजा हात जिकडं जातोय तिकडं गेला.

पाची प्रतीवर मागल्या पुठ्ठ्याला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, चौदा ठोकलाय. एका प्रतीवर चार जरा तिरका आलाय, रेक्झिन मऊ निघालं. 'जशा हायत तशा द्या' आसं तू लिवलतंस, ते मला ठोकल्यावर आठवलं.

खिडकीवरल्या क्लार्कनं बरोब्बर बोट ठिवलं. 'हे काय? पुस्तक खराब आहे. नवीन बांधून आणा.' मी म्हणलं, खराब न्हाय, पास हाय. त्यो म्हणाला, नियमात बसत न्हाय. मी म्हणलं, नियम दाखवा. त्येनं नियमाचं पुस्तक काढलं. कागद केवढा, समास केवढा, रेक्झिन काळं, अक्षर सोनेरी, समदं लिवलंय. पुठ्ठ्याच्या मागं नंबर ठोकू नये, आसं कुटं न्हाय. मी दोन तास तितं हुबा हुतो. मागं रांग वाढाय लागली, तीबी माज्या बाजूनं बोलाय लागली. शेवटी त्येनं शिक्का मारला.

आता तुजं नुकसान झालं तर ह्यावेळी मलाच धर. नंबर हायच.

तुजा,
आबा

---

गगनबावडा
१५ डिसेंबर १९९९

ती. आबा,
सप्रेम जयभीम.

आज तोंडी परीक्षा झाली आणि लगेच संध्याकाळची गाडी धरावी लागली, उद्या सकाळी माझा तास आहे. घरी यायला जमलं नाही, म्हणून आल्याआल्या लिहायला बसले.

आधी सांगून टाकते : पास!

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते. तासभर दोन घराण्यांवरनं मला पिळून काढलं. समोर पहिल्याच रांगेत देसाई सर बसले होते, हाताची घडी घालून. तुमचा सूर्याचा आक्षेप मी तुमच्या नावानिशी प्रबंधात घातला होता. परीक्षक म्हणाले, या गृहस्थांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. देसाई सर खिडकीबाहेर बघायला लागले.

शेवटी परीक्षकांनी प्रबंध मिटला. मागच्या पुठ्ठ्यावर त्यांचा अंगठा थांबला. ती तिरक्या चारची प्रत होती. नखानं चाचपत त्यांनी विचारलं, 'हा चौदा काय आहे?'

विमला मॅडमनी माझ्याकडं बघितलं. ऑगस्टात मी तुमच्यावर किती चिडले होते, ते तुम्हाला माहीतच आहे. पण आज मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'सर, हा माझ्या वडिलांचा नंबर आहे. ते सेटर आहेत. पहिला पीस तपासून पास केला की ते त्यावर आपला नंबर ठोकतात. पुढं चूक निघाली तर कुणाला धरायचं, ते कळावं म्हणून.'

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी तळटीप उघडली, तुमचं नाव मोठ्यानं वाचलं, आडनावासकट, आणि मग विचारलं, 'आणि तुमचा नंबर?'

मी म्हटलं, 'अजून नाही, सर.'  बसमध्ये सगळा रस्ता त्याचाच विचार करत होते.

तुमच्यामागं नवा नंबर कुणाला दिला नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत. अजून दिला नसेल तर माझ्यासाठी पंधरा करून ठेवा. पंच पोलादी पाहिजे, उद्यमनगरातलाच. जानेवारीत आले की घेऊन जाईन.

तुमची,
दीप्ती